बुडापर्यंत मोरपंखी

कोंड्याचा धूर गोंदियात नवा नाही. राईस मिलचं गाव. वारा फिरला की वाळत घातलेल्या कपड्यांना धानाच्या कोंड्याचा वास लागतो आणि कोणी नाक मुरडत नाही. पण त्या दुपारी धुरपताबाई स्वयंपाकघरात पाटावर बसून लाखोळीची डाळ निवडत होती, आणि खिडकीतून जो धूर आला त्यात पितळ होतं. पितळाला वास नसतो म्हणे. ज्यांनी पितळ कधी तापवलंच नाही त्यांनी खुशाल म्हणावं. तापल्या पितळाचा वास जिभेच्या मुळाशी लागतो, ताटाची कड दाताखाली आल्यासारखा. आणि ह्या पितळाच्या मागे आणखी एक वास होता, जळून गेलेल्या बंदुकीच्या दारूचा, सडक्या अंड्यासारखा. बावीस वर्षं तो वास तिच्या नाकाजवळ आला नव्हता. डाळीत तिचा हात थांबला तो थांबलाच. बोटाखाली खडा होता, तोही तिनं वेचला नाही.

"नीतू, वर कोण काय जाळून राहिलं?"

"हेच आहेत ना वर," सून फ्रीजमधून डोकं न काढता म्हणाली. नीतू गोंदियाचीच, तिच्या बोलण्यात अर्धी हिंदी. "सुबह से लागले आहेत. बंदुकीच्या त्या पुंगळ्या घेऊन बसले. उद्या गावी जायचं ना, डुकरं मारायला. मी म्हटलं छतावर करा, घरात धुआँ नको."

"आन् मले काऊन नाई सांगतलं?"

नीतूनं फ्रीज लावला. "ते म्हणाले, आईले सांगू नका. तिले त्रास होते."

त्रास! ताट सरकवून धुरपताबाई उठली. गुडघे कडकडले, नीतू "आई, जिना नका चढू" म्हणाली, तिच्याकडे तिनं असं पाहिलं की पोरीनं पुढं केलेला हात आपणच मागं घेतला. त्रास म्हणे. ह्या घरात तिच्यापासून काही लपवायचं असलं की तिच्या तब्येतीचं नाव पुढं करायची रीत होती. लोणच्याच्या बरणीला हात लावू नको, तुला त्रास होईल. धुरपतानं बरणीला हात लावला तर बरणीचं काय होईल, ही भीती होती त्यांना. आणि ती भीती त्यांना कोणी शिकवली हे तिला ठाऊक होतं. रायफल चार वर्षं ठाण्यात जमा होती. धनी गेला तेव्हापासून. ह्या उन्हाळ्यात लेकाच्या, घनश्यामच्या नावानं परवाना झाला, वनखात्याचं पत्र आलं, तेव्हा पेढे आणले होते त्यानं. इटियाडोहच्या कालव्याखालचं धान आता लोंबीवर होतं आणि डुकरांचे कळप रातोरात धानाची उभी बांधी, शेतंच्या शेतं, लोळवून टाकत होते, हे तिलाही ठाऊक होतं. दुकानातली काडतुसं वेळेवर मिळत नाहीत, जुन्या पुंगळ्या घरी भराव्या लागतात, हेही तिला कोणी सांगायला नको होतं. पण पुंगळ्या तयार करायच्या, आणि तिला विचारायचं नाही? आणि कोंडा? पितळाला कोंडा कशाला?

पहिल्या पायरीवर पाय ठेवताना हा प्रश्न मोठा नव्हता. जिन्याला कठडा होता, कठड्याला धुळीचा थर होता, आणि तिची बोटं त्या धुळीत गोल फिरत वर चालली तशी तिला ती बोटं दुसरीकडे फिरताना दिसू लागली. गावचं अंगण. चिंचेच्या कोळात बुडवलेल्या पुंगळ्या, राखेनं घासून, तीन पाण्यांतून काढून सुपात वाळत घातलेल्या, धान वाळवावं तशा. गोळी सुटून गेल्यावर राहिलेली ती पितळेची रिकामी नळी. बोटाएवढी लांब, खाली जाड बूड, वर बारीक मान. एकच पुंगळी पाच-सहा वेळा भरता येते, पण दर वेळेस ती ताणली जाते, आणि ताणून ताणून आतून, बुडाच्या किंचित वर, एक रेघ धरते. बाहेरून काही दिसत नाही. बाहेरून लखलखीत. ती आतली रेघ शोधायला धन्यानं भंडाऱ्याहून कसला तरी दिवा आणला होता, भिंगही आणलं होतं. धुरपतानं अंबाड्यातली पिन काढली, तिचं टोक दाताखाली धरून नखाएवढं वाकवलं, पुंगळीत सोडलं आणि बुडापासून वर ओढलं. जिथं टोक अडकलं तिथं रेघ. अडकलेली पुंगळी ती तिथंच दगडावर ठेवून ठेचून चपटी करायची, पुन्हा कोणाच्या हाती लागायला नको म्हणून. तिला कोणी शिकवलं नव्हतं. शिकवलं होतं ते बापानं, पण पुंगळीचं नव्हे. बाप कोहळी, तलाव बांधणाऱ्या जातीचा, तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, अनवाणी चालणारा. पाळ वरून भक्कम दिसते पोरी, तो म्हणायचा, वरून नको पाहू, बुडाशी पाय ठेव, ओल कुठं लागते ते पाय सांगते. दुसरीतून शाळा सुटली तिची, पण पायांची आणि बोटांची शाळा सुटली नव्हती. धनी पाहुण्यांत बसून सांगायचा, "आमची बायको दुसरी फेल, पण तिची पिन मॅट्रिक पास हाय." सारे हसायचे. ती आतून चहा घेऊन येताना हसू ओठात दाबायची. तेवढं एक हसू तिच्या सबंध संसारात तिच्या हक्काचं होतं.

दहाव्या पायरीवर ती थांबली. श्वासासाठी, असं तिनं स्वतःला सांगितलं. धूर इथं दाट होता. खरी कारागिरी मानेची. मान दर वेळेस ताठ होत जाते, ताठ झाली की चिरते, म्हणून तिला तापवून नरम करायची. पण मानच. नुसती मान. परातीत पाणी घालून पुंगळ्या कमरेपर्यंत पाण्यात उभ्या करायच्या, लग्नाच्या मांडवात बायका दाटीनं उभ्या असतात तशा, आणि स्टोव्हची ज्योत एकेकीच्या मानेला दाखवायची. अंधाऱ्या खोलीत, नाहीतर रंग कळत नाही. पितळावर आधी पिवळं, मग तांबूस, मग एक निळं-जांभळं कडं चढतं, मोरपिसाच्या डोळ्यासारखं. ते खांद्यापर्यंत उतरलं की बोटानं पुंगळी पाण्यात आडवी. छुस्स. एक क्षण जास्त नाही. बूड पाण्यात असतं म्हणून कडक राहतं. रायफलीचा सारा मार बूड खातं. बूड नरम पडलं तर आग पुढं जायची ती मागं येते, धरणाऱ्याच्या तोंडावर. हे तिला धन्यानंच सांगितलं होतं, नव्या नवरीला, अंधाऱ्या खोलीत, तिचा हात आपल्या हातात धरून. मान गरम, बूड पाण्यात. एका पुंगळीला एक श्वास. एका डझनाला अख्खी दुपार. त्याला तेवढा धीर कधीच नव्हता.

आणि मग तो कार्तिक. धाकट्या बहिणीच्या लेकीचं बाळंतपण होतं, धुरपता पंधरा दिवसांसाठी गेली होती. जायच्या आधी बारा पुंगळ्या तयार करून डब्यात ठेवल्या होत्या. तेराव्या दिवशी निरोप आला: बंदूक उलटली. नागपूरच्या दवाखान्यात ती पोचली तेव्हा धन्याच्या अर्ध्या तोंडावर पट्टी होती, उजवा डोळा काढून टाकला होता, आणि खाटेभोवती सारं गोत जमलं होतं. पुंगळ्या कोणी केल्या होत्या, असं कोणीतरी विचारलं. त्यानं उरल्या डोळ्यानं तिच्याकडे पाहिलं. पाहिलं आणि म्हणाला, "हिच्याच हातच्या होत्या." एवढंच. रागावला नाही, ओरडला नाही. नणंद नंदाबाईनं तिथंच, साऱ्यांसमोर, कपाळावर हात मारला, "हाताची आंधळी व तू! माह्या भावाचा डोरा खाल्ला." आणि धुरपता, जिच्या जिभेला सारा गाव भ्यायचा, ती गप्प राहिली. तिनं मनातल्या मनात त्या बाराच्या बारा पुन्हा पिनेवर घेतल्या. एकेक. बसमध्ये घेतल्या, दवाखान्याच्या व्हरांड्यात घेतल्या, पुढं बावीस वर्षं भाकरी थापताना, धुणं पिळताना घेतल्या. कोणती? सातवी? सातवीच्या वेळी शेजारीण हाक मारत होती. तेव्हा पिन नीट फिरली होती का? तिनं त्यानंतर पितळाला हात लावला नाही. घरातला गुंड, गंगाळ, सारं वाटून टाकलं. आणि रोज सकाळी त्याचा काचेचा डोळा काढून वाटीत धुतला, कोमट पाण्यात कापूस बुडवून ती रिकामी खोबण पुसली. अठरा वर्षं. तो तोंड वर करून बसायचा, लेकरासारखा. कधी कधी म्हणायचा, "जाऊ दे, धुरपता. झालं ते झालं. मी काई मनात नाई ठेवलं." तिचे डोळे भरून यायचे. देवमाणूस, तिला वाटायचं.

ती छतावर आली. घनश्याम पाण्याच्या टाकीच्या सावलीत उकिडवा बसला होता, बेचाळीस वर्षांचा, टक्कल पडलेला, बनियनवर; समोर लोखंडी घमेलं, घमेल्यात धुमसता कोंडा. चिमट्यानं तो राखेतून पुंगळ्या काढून फरशीवर मांडत होता. बाजूला वर्तमानपत्रावर दहा-बारा पुंगळ्या अजून भट्टीची वाट पाहत होत्या.

"आई? तू कायले वर आली?"

ती राखेतून निघालेल्या पुंगळ्यांकडे पाहत होती. मोरपंखी रंग होता. मानेवर होता, खांद्यावर होता, कमरेवर होता, आणि खाली, जिथं कधीच, कधीच नसावा, तिथंही होता. बुडापर्यंत.

"हे कोणी शिकवलं तुले?"

"बाबानंच," घनश्याम सहज म्हणाला. चिमटा चालूच होता. "कोंड्यात पुरून ठेवाचं, घंटाभरात समद्या नरम. तू मावशीकडे गेली होती नाई का, तव्हा केल्त्या त्यायनं. मीच तं कोंडा आणला होता मिलमधून, दोन पोते. म्हणत, तुझी माय दिवस दिवस लावते, पाह, मी एका दुपारी करतो."

"मी बारा करून ठेवल्या होत्या. डब्यात."

"त्या डब्यासकट भंडाऱ्याच्या साहेबाले देल्ल्या ना. तो शिकारीले आल्ता. बाबा म्हणे, मायले नको सांगू, बोंबलन. म्हणून तं घाईनं दुसऱ्या केल्या." चिमटा थांबला. त्याच्या कपाळावर एक आठी आली, फार हळू, एखाद्या जड माणसानं खाटेवर कूस बदलावी तशी. "पण तुझ्या दोन-तीन राहिल्या असतीन त्यात. बाबा तेच म्हणत. त्यातलीच एक फुटली."

छतावर ऊन होतं, दूर मिलचं धुराडं होतं, शेजारच्या गच्चीवर कोणाच्या तरी पापड्या वाळत होत्या. धुरपताबाईला सारं अगदी स्वच्छ दिसत होतं, जणू डोळ्यातून कोणी कुसळ काढलं. तिच्या बारा पुंगळ्या भंडाऱ्याला गेल्या होत्या. बाराच्या बारा. सातवीसुद्धा. त्या साहेबानं झाडल्या असतील आणि एकही फुटली नसेल, आणि खाटेवरच्या माणसाला हे ठाऊक होतं. उरल्या डोळ्यानं तिच्याकडे पाहताना ठाऊक होतं. वाटीत डोळा धुताना, खोबण पुसताना, रोज, अठरा वर्षं. तो तिला अठरा वर्षं माफ करत होता! तिनं टाकीला हात टेकला. रडू नव्हतं. रडू असतं तर बरं झालं असतं. तिला वाटलं, मेलेला माणूस पुन्हा खाटेवर बसवावा, तोंड वर करून, आणि ती वाटी, कोमट पाण्याची ती वाटी, त्याच्या तोंडावर मारावी.

"पक्कड हाय?"

"काऊन?"

"हाय का नाई ते सांग."

त्यानं पक्कड दिली. तिनं घेतली नाही. "तूच धर. ते कागदावरची न तापवलेली घे एक. बुडाच्या जरा वर दाब."

त्यानं दाबली. पुंगळी हलली नाही. पक्कडीचे दात नुसते ओरखडा काढून घसरले.

"आता राखेतली घे. दाब."

ती पुंगळी अजून कोमट होती. पक्कड मिटली आणि पितळ मिटलं, पिकल्या केळ्यासारखं. घनश्यामनं हात झटकल्यासारखा मागं घेतला. मग दुसरी दाबली. मग तिसरी. तिसरीनंतर तो पुंगळीकडे पाहत नव्हता, जणू आरशात स्वतःचा उजवा गाल पाहावा तसा कुठंतरी समोर पाहत होता.

"उद्या मचाणावर हेच भरून नेणार होता ना तू?" ती म्हणाली. "बापासारखी काच बसवून घेतली असती नागपूरले. आन् धुतली असती कोणी? नीतूनं?"

"आई..."

"उदारामनं खोटं सांगतलं."

त्याचं तोंड उघडंच राहिलं. लग्नात उखाण्यात तिनं ते नाव एकदा घेतलं होतं तेवढंच. त्यानंतर नवऱ्याचं नाव धुरपताबाईच्या तोंडून ह्या घरात कोणी ऐकलं नव्हतं, मतदार यादीवाल्यासमोरही तिनं ते पोराच्या तोंडून सांगवलं होतं. आता ते तिनं असं टाकलं की जणू जोडा भिरकावला. "उदारामनं. तुझ्या बापानं. आपल्या घाईचं पाप माह्या हातावर पुसलं."

"असं नको बोलू ना आई. गेलेला माणूस हाय." मग, खाली मान घालून, "त्यायले कोंड्यानं झालं हे माहीत नसन. खरंच नसन. नाईतर नंतर तरी मले मना केलं नसतं का?"

"बूड पाण्यात ठेवाचं, हे त्यानंच मले शिकवलं होतं. बरं, कोंड्याचं नसन माहीत. पण माह्या बारा कुठं गेल्या ते तं माहीत होतं?"

तो घमेल्यातल्या राखेत चिमट्यानं रेघा ओढत बसला, आणि मग जे म्हणाला ते नसतं म्हणाला तर कदाचित तिचा राग तिथंच, त्या राखेत, विझला असता. "झालं ते झालं," घनश्याम म्हणाला. "आपल्या घरातच राहू दे हे. बाहेर कायले सांगाचं? बाबाचं नाव खराब होते."

झालं ते झालं. बापाचेच शब्द, बापाचाच तो मऊ आवाज. धुरपताबाईनं खाली वाकून घमेल्याशेजारी पडलेली हातोडी उचलली. गुडघ्यांनी तक्रार केली नाही. राखेतली एकेक पुंगळी तिनं फरशीवर आडवी घातली आणि ठेचली. ठण् असा आवाजही येत नव्हता, नरम पितळ मुकाट बसत होतं. "बाबाचं नाव!" ठोका. "आन् माह्या हातायचं नाव?" ठोका. "नंदाबाईनं दर राखीले येऊन माह्या हातची भाजी चाटून पाह्यली, विष तं नाई म्हणून." ठोका. "दुर्गेश्वरीच्या बाळाले तेल लावाले बसली मी, तं तूच म्हणला, राहू दे आई, तुझ्या हाताचा भरवसा नाई." घनश्यामनं डोळे मिटले. बहिणीच्या बाळाची ती गोष्ट त्याला आठवली असावी. जिन्यातून धावत नीतू आली, "क्या हुआ, क्या हुआ" करत, आणि दारातच उभी राहिली. शेवटची पुंगळी चपटी झाली तेव्हा धुरपताबाईच्या कपाळावर घाम होता आणि हात, सत्तरीकडे झुकलेले ते हात, जराही कापत नव्हते. ते तिनं स्वतः पाहिलं. उलटे करून, सुलटे करून पाहिलं.

डुकरं काही ह्या भांडणासाठी थांबणार नव्हती. उद्या नाही तर परवा धान गेलंच असतं. "नीतू, खिडक्या लावून खालच्या खोलीत अंधार कर. परात ठेव. मोठी. पाण्यानं भरून. आन् गॅसची ते छोटी शेगडी," ती म्हणाली, आणि सून जिन्याकडे वळली. धुरपताबाई सावलीत बसली. अंबाड्यातून पिन काढली. पांढरे केस खांद्यावर आले, येऊ दिले. पक्कडीनं पिनेचं टोक वाकवलं, नखाएवढं. वर्तमानपत्रावरची पहिली पुंगळी हातात घेतली, पितळेचा तो गार, ओळखीचा जडपणा तळव्यात घेऊन ती क्षणभर तशीच बसली. मग मान न उचलता म्हणाली, "फोन लाव."

"कोणाले?"

"आत्याले. तुझ्या तोंडानं सांग समदं. साहेबाचं, कोंड्याचं, आता पक्कडीनं पाह्यलं ते. मी एक शब्द नाई बोलणार. तू सांगून झाला की मग मी मान तापवीन. नाईतर बस कोंडा फुंकत."

"आई, आत्याचं वय..."

"माहं नाई का वय?"

घनश्यामनं फोन काढला. बराच वेळ त्याचा अंगठा काचेवर नुसताच फिरत राहिला. मग घंटी वाजू लागली. त्यानं फोन कानाला नेला, आईकडे पाहिलं, आणि तो कानावरून काढून आवाज मोठा करून फरशीवर, चपट्या पुंगळ्यांच्या शेजारी ठेवला.

"काय गा घनश्याम, ऐन दुपारी?" नंदाबाईचा चिरका आवाज छतावर आला. "बरं हाय ना समदं? बोल ना गा. मुका झाला का?"

धुरपताबाईनं पिन पुंगळीत सोडली.

"आत्या," घनश्याम म्हणाला, आणि त्याला पुन्हा म्हणावं लागलं, "आत्या, बाबाचा डोरा गेला ना... त्या पुंगळ्या आईच्या हातच्या नोहत्या."

पिन बुडाशी टेकली, तिथून पितळाच्या कडेकडेनं वर येत एक अख्खा फेरा फिरली, आणि कुठंही अडकली नाही.